पतंग किती मोठा, चाक किती रुंद?

पावसाळा सरला की कामशेतच्या टेकड्यांवर रंगीबेरंगी पंख उघडू लागतात. ऑक्टोबरपासून मेपर्यंत पुण्या-मुंबईची कुटुंबे पवना धरणाच्या परिसरात सहलीला येतात, डोक्यावरून तरंगत जाणारे पॅराग्लायडर पाहतात आणि परतीच्या वाटेवर गाडीतच मागणी सुरू होते. सर्वांनाच उडायचे असते असे नाही. एखाद्या मुलाने परदेशातील चित्रफीत पाहिलेली असते : तीन चाकांची बसकी गाडी, तीत पाय पसरून बसलेला स्वार, हातात दोऱ्या आणि समोर आकाशात प्रचंड पतंग. इंजिन नाही, पेट्रोल नाही, धूर नाही. वडीलधारी मंडळी उडण्याला ठाम नकार देतात आणि चाकांना मात्र सहज होकार देऊन मोकळी होतात. जमिनीवरच तर राहायचे आहे, असा त्यामागील विचार. हा विचार पैसे मोजण्यापूर्वी तपासून पाहिला पाहिजे. या खेळात जमीन सुटण्याचा धोका असतो, आणि तो मुख्यतः पतंग निवडतानाच पत्करला किंवा टाळला जातो.

पतंगाला गाडी जुंपण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. एकाच दोरावर दोन पतंग, खाली हलकी चारचाकी आणि तीत बसलेले प्रवासी. त्या काळी रस्त्यांवरील पथकर घोड्यांच्या संख्येवर आकारला जाई. पोकॉक यांच्या गाडीला घोडाच नसल्याने नाक्यावरील कारकुनापुढे कोणता दर लावावा हा प्रश्न उभा राही आणि गाडी कर न भरता पुढे जाई. खालापूरच्या नाक्यावर रांगेत थांबणाऱ्यांना ही युक्ती मोहक वाटेल. मात्र याच गृहस्थांनी आपल्या मुलीला, मार्थाला, खुर्चीत बसवून पतंगाच्या जोरावर शेकडो फूट उंच चढविले होते. ती सुखरूप खाली आली. पुढे तिच्या पोटी डब्ल्यू. जी. ग्रेस हा क्रिकेटचा महापुरुष जन्मला, म्हणून ही हकीकत आज कौतुकाने सांगितली जाते. दोर तुटला असता तर ती कोणत्या स्वरात सांगितली गेली असती, याचा विचार पालकांनी करावा. पतंग माणसाला उचलू शकतो हे दोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे.

आजच्या खेळाचे रूप दोन शोधांतून घडले. डोमिना जल्बर्ट यांनी १९६४ च्या सुमारास असा पतंग तयार केला, ज्याला काड्या नाहीत. कापडाच्या कप्प्यांत वारा शिरतो, ते फुगतात आणि पंखाचा आकार घेतात. कामशेतला उडणारे पॅराग्लायडर याच कुळातील आहेत. दुसरा शोध न्यूझीलंडच्या पीटर लिन यांचा. त्यांनी १९९० च्या सुमारास तीन चाकांची, पायांनी वळवायची, एका माणसापुरती गाडी बाजारात आणली. या गाडीला ब्रेक नसतो. थांबायचे असेल तर पतंगाचा जोर काढून घ्यावा लागतो. म्हणजे जो इंजिन आहे तोच ब्रेकही आहे, आणि म्हणून पतंगाची निवड चाकांच्या आधी करावयाची.

पतंगाचे माप चौरस मीटरमध्ये सांगितले जाते. खरेदी करणाऱ्याची नजर त्या आकड्यावर असते. वाऱ्याच्या आकड्याकडे ती क्वचित जाते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे दोन किलो दाब येतो. वारा ४० झाला की तो दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे पावणेआठ किलोच्या आसपास जातो. चार चौरस मीटरचा पतंग आकाशात स्थिर असताना २० च्या वाऱ्यात आठेक किलो ओढेल. हे एखाद्या किशोरालाही झेपते. पण हा पतंग स्थिर राहत नाही. तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झेपावतो, तेव्हा त्याच्या कापडाला मूळ वाऱ्याच्या कितीतरी पट वारा लागतो. तिप्पट धरला तर ओढ नऊपट होते आणि आठ किलोचे सत्तर होतात. हे चक्रवाढीपेक्षाही निर्दय गणित आहे, कारण येथे वाढ वर्षांत नव्हे, सेकंदांत होते.

म्हणून नवशिक्याने दोन दोऱ्यांचा, दोन ते तीन चौरस मीटरचा पतंग घ्यावा आणि काही आठवडे चाकांशिवाय, मैदानावर उभे राहूनच चालवावा. हलक्या वजनाच्या मुलासाठी दीड चौरस मीटर पुरे. त्यानंतर चार दोऱ्यांचा पतंग. त्यात वरच्या दोन दोऱ्या ओढीच्या आणि खालच्या दोन ब्रेकच्या असतात. मुठी सोडून दिल्या की मनगटाला अडकवलेल्या पट्ट्या ब्रेकच्या दोऱ्या ताणतात आणि पतंग मान टाकून खाली येतो. या मनगटपट्ट्या नसलेला संच कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तिसरा प्रकार ढील देता येणाऱ्या पतंगांचा. दांडा पुढे ढकलला की पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो आणि जोर उतरतो. हा प्रकार सोयीचा खरा, पण त्याची ओढ कमरेच्या पट्ट्याला जोडलेली असते. हात सोडले तरी माणूस सुटत नाही. त्यासाठी वेगळी कळ दाबावी लागते, आणि ती न पाहता सापडेल इतका सराव हवा. समुद्रावर वापरतात तो हवा भरलेल्या नळीचा पतंग मावळात निरुपयोगी समजावा. करवंदीची एक जाळी किंवा बाभळीचा एक काटा त्याला पुरेसा आहे.

येथे एका प्रलोभनाविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. वापरून जुना झालेला पॅराग्लायडर कमी किमतीत मिळतो आणि ‘उडायचे नाही, फक्त जमिनीवर ओढ घ्यायची’ असे म्हणून तो विकत घेतला जातो. त्याचे क्षेत्रफळ पंचवीस चौरस मीटरच्या आसपास असते. वरच्या हिशेबाने २० च्या वाऱ्यात तो नुसता उभा असतानाच जवळजवळ पन्नास किलो ओढतो. बसण्याच्या पट्ट्यांतून चटकन सुटण्याची सोय त्यात नसते, कारण उडणाऱ्याने सुटणे अपेक्षितच नाही. उन्हाने जीर्ण झालेले कापड आणि ताणलेल्या दोऱ्या हा प्रश्न आणखी वेगळा. कामशेतच्या शिक्षणवर्गांत विद्यार्थी पहिले धडे सपाट जमिनीवर पंख फुगवण्याचेच गिरवतात, हे खरे. परंतु ते शिक्षकाच्या नजरेखाली, मंद वाऱ्यात आणि शरीराच्या वजनाला जुळणाऱ्या मापाच्या पंखाने. त्या पंखाला चाके जोडण्याचा विचार तेथे कोणीही करत नाही.

आता जागेचा प्रश्न, आणि मावळच्या वाचकाची खरी अडचण येथेच आहे. हा तालुका उडणाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून तो पतंगगाडीसाठीही उत्तम असेल, असा समज होतो. वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. उडणाऱ्याला वारा डोंगराच्या उतारावर आदळून वर चढणारा हवा असतो. तो वारा कोकणातून घाटाच्या भिंतीवर येतो आणि कड्यावरून उसळतो. चाकांवरच्या स्वाराला वारा आडवा, सपाट आणि एकसारखा हवा. उसळता वारा पतंगाला वर नेतो आणि खालच्या माणसालाही. कड्याच्या मागे तर त्याचे भोवरे होतात. टायगर पॉइंटच्या पठारावर उभे राहिले की टोपी एकदा पुढे आणि एकदा मागे का उडते, याचे उत्तर यात आहे. शिवाय फेब्रुवारीपासून दुपारच्या वेळी तापलेल्या कातळावरून गरम हवेचे लोट उठतात. वारा दहाचा असतो आणि क्षणात पंचवीसचा होतो. वाऱ्याची सरासरी पाहू नये. सर्वांत मंद आणि सर्वांत जोराची झुळूक यांतले अंतर पाहावे. हातात धरायचे वारामापक यंत्र पतंगापेक्षा पुष्कळ स्वस्त असते आणि ते आधी घ्यावे.

विसापूरचे विस्तीर्ण पठार पाहून अनेकांच्या मनात चाके फिरू लागतात. विसापूर आणि लोहगड ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारके आहेत. लोहगड तर २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेथे गाडी नेण्याची कल्पना मनातच ठेवावी. भातकापणीनंतरची खाचरे मोकळी दिसतात, पण दर काही पावलांवर बांध आहे आणि मालकाची परवानगीही लागते. उन्हाळ्यात पवनेचे पाणी ओसरल्यावर काठाची जमीन उघडी पडते, तीत भेगा आणि दगड असतात. उरते एखादे मोठे क्रीडांगण. तेथेही वीजवाहिन्या, महामार्ग आणि लोहमार्ग यांपासून पुरेसे अंतर हवे, आणि मावळच्या चिंचोळ्या खोऱ्यात हे तिन्ही एकमेकांना सोडत नाहीत.

चाकांची निवड या जमिनीवरूनच ठरते. पायाखालच्या फळीला आठ-नऊ इंचांची हवेची चाके असतात. ती आखूड गवताच्या सपाट मैदानावर चांगली चालतात, मात्र ढेकूळ आले की थबकतात आणि उभा स्वार पुढे फेकला जातो. बसायच्या गाडीला साधारण सोळा इंच व्यासाची, चार इंच रुंदीची चाके लावतात. बांधकामावर विटा वाहणाऱ्या एकचाकी हातगाडीचे चाक जवळपास याच मापाचे असते. म्हणून तळेगाव-चाकणच्या एखाद्या वेल्डिंगच्या दुकानातून गाडी बनवून घेण्याचा मोह होतो. सांगाडा बनेलही, पण हातगाडीचे चाक माणसाच्या चालीसाठी घडवलेले असते आणि भार सरळ खाली घेते. पतंग गाडीला आडवे ओढतो. तो आडवा भार आसावर आणि बेअरिंगवर येतो, व हलके बेअरिंग काही फेऱ्यांतच खिळखिळे होते. चाक निवडताना टायरच्या नक्षीपेक्षा बेअरिंगकडे अधिक पाहावे. ते बंदिस्त असावे, आस जाड असावा. मागील दोन चाकांतील अंतर जितके जास्त, तितकी गाडी उलटण्यास नाखूश.

रुंद, फुगीर चाके भुसभुशीत वाळूसाठी असतात. कठीण जमिनीवर ती बाजूला घसरतात, तेथे अरुंद चाकच पकड घेते. वाळूत हवा कमी ठेवावी, कठीण जमिनीवर थोडी वाढवावी. पेट्रोल पंपावरच्या नळीने हे लहान टायर भरू नयेत. एवढीशी ट्यूब काही सेकंदांत मर्यादेपलीकडे जाते आणि फुटते. टायरच्या कडेवर छापलेला आकडा वाचून हातपंपाने भरणे बरे.

दोरीचाही विचार हवा. या पतंगांना काचेचा मांजा नसतो आणि काटाकाटीही नसते, तरी दोरी कृत्रिम धाग्याची असते व ताणलेली असताना बोट कापू शकते, घारीचा पंखही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये नायलॉन आणि अन्य कृत्रिम मांजावर बंदी घातली, तिचे शब्द व्यापक आहेत. म्हणून मैदानावर उतरण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घेणे शहाणपणाचे. संक्रांतीच्या आठवड्यात तर हा पतंग बाहेर काढूच नये. पहाटे आणि सायंकाळी पक्षी घरट्यांकडे ये-जा करतात, त्या वेळाही टाळाव्यात. जाता जाता, १९३४ च्या विमान कायद्याच्या व्याख्येत विमानांबरोबर पतंगही होता, हे ठाऊक असलेले लोक थोडे. शिरस्त्राण, गुडघ्या-कोपरांची कवचे आणि कृत्रिम चामड्याचे हातमोजे यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

लोणावळ्याच्या कुटुंबाला हा खेळ नीट खेळायचा असेल तर खोपोली-पेणमार्गे अलिबाग गाठणे उत्तम. ओहोटी लागली की तेथील वाळू ओली आणि घट्ट होते. कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या त्याच वाळूवरून जातात. घोडागाडीचे अरुंद चाक जेथे रुतत नाही, तेथे सोळा इंचीही रुतणार नाही, आणि कोरडी वाळू लागताच दोन्ही रुततील. मात्र सुटीच्या दिवशी गर्दीच्या किनाऱ्यावर दोऱ्या पसरणे म्हणजे इतरांच्या जिवाशी खेळणे. आठवड्यातील मधला दिवस, गावापासून दूरचा पट्टा आणि ग्रामपंचायतीची संमती, एवढे जमवावे. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. परतताना चाके गोड्या पाण्याने धुवावीत आणि घरी पोहोचल्यावर त्याच रात्री बेअरिंग पुसून ग्रीस भरावे. खारे पाणी सकाळपर्यंत वाट पाहत नाही.