सायलेन्सर फोडून आवाज उठत नसतो!

रात्रीचा दीड वाजलेला असतो. दिवसभर राबून आलेल्या माणसांचा नुकताच डोळा लागलेला असतो. पत्र्याच्या घराला चिकटूनच रस्ता आहे. त्या रस्त्यावरून एखादी गाडी फटाके फोडल्यासारखे बार उडवीत निघून जाते. तान्हे बाळ दचकून रडू लागते, दम्याचा म्हातारा उठून बसतो, सकाळी परीक्षेला जायची असलेली मुलगी कूस बदलत राहते. गाडीवाला तोवर दोन चौक पुढे गेलेला असतो. कधी ती बुलेट असते, कधी सायलेन्सर बदललेली कार असते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरातल्या रस्त्यालगतच्या वस्तीला हे नवे नाही.

मग अधूनमधून पोलिसांची मोहीम निघते. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडले जातात, त्यांच्यावरून रोडरोलर फिरवला जातो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो झळकतो. शहर आता शांत झाले असे वाचकाला वाटावे, अशी ती बातमी असते. पण त्याच आठवड्यात तशाच दुकानात तसाच नवा सायलेन्सर विकला जातो. रोलरखाली लोखंड चिरडले गेले, धंदा मात्र शाबूत राहिला! हे असे का होते, याचा विचार आपल्या समाजाने तरी नीट केला पाहिजे. कारण या आवाजाचा मार सर्वांत जास्त आपल्या वस्त्या खातात आणि या आवाजाच्या नादी लागलेल्यांत आपलीही पोरे आहेत.

आधी हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ. इंजिनात इंधन जळते तेव्हा दर वेळी एक छोटा स्फोट होतो. जळालेला वायू दाबाने बाहेर फेकला जातो. तो थेट बाहेर सोडला तर प्रत्येक स्फोटाचा धमाका ऐकू येईल. म्हणून वाटेत सायलेन्सर बसवलेला असतो. त्याच्या आत कप्पे असतात, भोके पाडलेल्या नळ्या असतात, काहींत आवाज शोषून घेणारी काचेची लोकर भरलेली असते. आवाजाच्या लाटा या कप्प्यांत आपटून एकमेकींना मारतात आणि बाहेर येताना मवाळ होतात. आजच्या गाड्यांत त्याच वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंच्या मदतीने तो कार्बन मोनॉक्साइडसारख्या विषारी वायूंचा जोर मोडतो. आपल्या देशात १९९५ साली चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांपासून त्याची सुरुवात झाली.

आता ‘मॉडिफाय’ करणारा काय करतो? मूळ सायलेन्सर काढून सरळ नळी बसवतो. काही जण कन्व्हर्टरही कापून टाकतात. महागड्या गाड्यांत तर संगणकाची मांडणी बदलून थोडे इंधन मुद्दाम सायलेन्सरच्या वाटेवर जाळले जाते. त्यातून बंदुकीसारखे बार निघतात. बुलेटसाठी ‘इंदोरी’, ‘पंजाबी’ अशा नावांनी सायलेन्सर मिळतात. पुण्याची नाना पेठ असो की मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, गाड्यांच्या सुट्या भागांचे बाजार कोणाला ठाऊक नाहीत? गाडीला ताकद येते असे सांगितले जाते. पण नुसती नळी बदलून रोजच्या वापराच्या गाडीला सांगण्यासारखी ताकद येत नाही. येतो तो आवाज. आणि कन्व्हर्टर कापला असेल तर आवाजाबरोबर विषही येते. ते नाकात कोणाच्या जाते? रस्ता झाडणाऱ्या सफाई कामगाराच्या, सिग्नलला उभ्या फेरीवाल्याच्या, फुटपाथवर झोपलेल्या लेकराच्या!

कायदा नाही असेही नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० प्रत्येक गाडीला आवाज दाबणारा सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली. आवाज व धुराचे निकष मोडून गाडी चालवणाऱ्यास कलम १९० खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकते.

हाच कायदा अपंग माणसाला त्याच्या गरजेप्रमाणे गाडीत बदल करून घेण्याची वाट मोकळी ठेवतो, हेही लक्षात घ्यावे. म्हणजे गरजेचा बदल कायद्याला मान्य आहे. दुसऱ्याच्या कानावर घाव घालणारा बदल मान्य नाही. यात अन्याय तो काय?

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीलाही मर्यादा आहे. साध्या कारला ७४ डेसिबल, १७५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलला ८० डेसिबल. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो. दहा डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते. ८० चे १०० झाले, तर ती शंभरपट झाली! ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या रुग्णालयांच्या, शाळांच्या परिसरात ती ५० आणि ४० आहे.

आवाजाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा निकाल प्रसिद्ध आहे. तो कशातून उभा राहिला, हे मात्र फार जणांना ठाऊक नसते. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. शेजारी लाऊडस्पीकर इतक्या जोरात चालू होता की, तिच्या किंकाळ्या कोणाला ऐकूच गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. जानेवारी १९९८ मधील ही बातमी वाचून एका अभियंत्याने न्यायालयात धाव घेतली. जगण्याचा हक्क देणाऱ्या कलम २१ मध्ये शांततेने जगण्याचाही हक्क येतो आणि गोंगाट करणे हा कोणाचा मूलभूत हक्क होऊ शकत नाही, असे न्यायालयाने त्या निकालात सांगितले. गोंगाट माणसाची झोप तर घेतोच. पण ज्याचा आवाज आधीच लहान आहे त्याची हाकसुद्धा गोंगाटात बुडते. हे आपल्याला कोणी वेगळे समजावून सांगायला हवे काय?

आता आपल्या पोरांकडे येऊ. आमच्या वस्तीतला तरुण हप्त्याने बुलेट घेतो आणि पहिल्या महिन्यातच तिचा सायलेन्सर का बदलतो? त्याला शिव्या घालणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. ज्याच्या आजोबाला नवरदेव होऊनही गावातून घोड्यावर बसता आले नाही, ज्याला पाटलाच्या वाड्यासमोरून पायातली चप्पल हातात घेऊन जावे लागले, त्याच्या नातवाला आपण आलो आहोत हे साऱ्या गल्लीला कळावे असे वाटते. त्यात काही नवल नाही. बुलेट ही मुळात पोलिसांची, लष्कराची आणि गावच्या पुढाऱ्याची गाडी. तिचा आवाज हा सत्तेचा आवाज होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात, दलित असून बुलेट चालवतो म्हणून एका कॉलेज विद्यार्थ्याच्या हातांवर वार केल्याची तक्रार नोंदली गेली. आपल्या महाराष्ट्रात, शिर्डीत २०१५ साली, मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली यावरून झालेल्या वादात एका दलित तरुणाचा जीव गेला. रिंगटोनचा आवाज तो केवढा? पण तेवढाही सहन झाला नाही! या देशात कोणाचा आवाज खपवून घ्यायचा आणि कोणाचा दाबायचा, हे डेसिबलने नव्हे तर जातीने ठरत आले आहे.

हे सारे खरे आहे. पण म्हणून सायलेन्सर फोडणे हे त्याचे उत्तर आहे काय? आम्ही या तरुणांना विचारतो, तुझ्या गाडीचा बार कोणाच्या कानात घुसतो? ज्यांनी तुझ्या आजोबाला घोड्यावरून उतरवले त्यांच्या? ते तर काचा बंद करून एसी लावून झोपलेले असतात. तो घुसतो तुझ्याच वस्तीतल्या बाळंतिणीच्या कानात, बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत दिवा लावून बसलेल्या तुझ्याच भावाच्या कानात. १४ एप्रिलच्या रॅलीत सायलेन्सर काढलेल्या गाड्या फिरवणारे आपले कार्यकर्तेही यातून सुटत नाहीत. इतरांच्या उत्सवांत आणि रॅल्यांत हेच चालते, हे आम्हाला दिसत नाही असे नाही. पण दुसऱ्याचा दोष दाखवून आपला दोष धुतला जात नाही.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले त्याचे नाव ‘मूकनायक’ होते. मुक्यांना आवाज देण्याचे ते काम होते आणि ते त्यांनी विचाराने केले. महाडला १९२७ साली आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या, तेव्हा त्यांनी लोकांना शांत ठेवले आणि चवदार तळ्याचा खटला थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत लढवला. १९३७ साली निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली, पण तो आवाज आजही ऐकू येतो. आणि संविधान सभेतल्या शेवटच्या भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत असे बजावले होते. शेजाऱ्याच्या झोपेची पर्वा ही बंधुतेची पहिली इयत्ता आहे. ती नापास होणाऱ्याने निळा झेंडा गाडीला लावून काय मिळवले?

आता व्यवस्थेलाही चार प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न, आवाज मोजतो कोण? पीयूसी केंद्रावर धूर तपासतात, आवाज तपासत नाहीत. रस्त्यावरच्या हवालदाराच्या हाती बहुधा डेसिबल मीटर नसतो. मग कोणती गाडी अडवायची हे त्याच्या कानावर, खरे म्हणजे नजरेवर, ठरते. नंबरप्लेटजवळ ‘जयभीम’ लिहिलेली गाडी लवकर नजरेत भरते, असे आमच्या वस्त्यांतले तरुण सांगतात. त्यांचे म्हणणे खोटे ठरवायचे असेल तर उपाय सोपा आहे. मीटर लावा, आकडा पावतीवर छापा आणि मगच दंड घ्या. आकड्याला जात नसते!

दुसरा प्रश्न, या कलमांचा वरवंटा मालक आणि चालक यांच्यावरच का फिरतो? हे सायलेन्सर कुठल्या तरी कारखान्यात घाऊक बनतात. ‘फक्त शर्यतीच्या ट्रॅकसाठी’ अशी चिठ्ठी लावून राजरोस विकले जातात. शर्यतीचे ट्रॅक देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि माल मात्र गल्लोगल्ली! रोलर न्यायचा असेल तर तो आधी गोदामाकडे न्या.

तिसरा प्रश्न, मोठ्या गाड्यांचे काय? श्रीमंताच्या स्पोर्ट्स कारला बटण दाबले की गर्जना करणारा सायलेन्सर कंपनीतूनच बसवून मिळतो, मंजुरीच्या कागदासकट. त्यावर आणखी लाखो रुपयांचे परदेशी सायलेन्सर बसतात. रोलरखालच्या त्या ओळीत असे किती दिसले? मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात नोंदणीही पूर्ण न झालेल्या पोर्श कारने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. तेव्हा बाल न्याय मंडळाने आधी तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घालून जामीन दिला होता. जनक्षोभ उसळला म्हणून पुढची चक्रे हलली. ते प्रकरण आवाजाचे नव्हते. पण गाडी जितकी महाग तितका कायदा मवाळ, हा लोकांचा समज कसा घट्ट होतो ते त्यातून दिसले. जुलै २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने बदललेल्या सायलेन्सरच्या गोंगाटाची स्वतःहून दखल घेतली होती. प्रश्न गंभीर आहे हे न्यायालयाला दिसते, मग गृह आणि परिवहन खात्यांना तो फक्त मोहिमेच्या दिवशीच का दिसावा?

चौथा प्रश्न त्या मेकॅनिकचा. फुटपाथवर पाना घेऊन बसलेला हा कारागीर बहुतेक वेळा आपल्याच बहुजन, मुस्लिम, दलित घरातला असतो. गिऱ्हाईक मागते ते तो बसवतो. त्याच्या हातात कसब आहे, कागद नाही. त्याला दंड करून त्याची पोटाची भाकरी हिसकावण्यापेक्षा आयटीआयमार्फत त्याला प्रमाणपत्र द्या, मूळ सायलेन्सर परत बसवून देण्याचे कामही त्याच्याकडेच येऊ द्या. ताकीद देऊनही त्याने धंदा चालू ठेवला, तर मग खुशाल कारवाई करा. आम्ही आड येणार नाही.

या मागण्या घेऊन आपल्या संघटनांनी आरटीओवर आणि पोलीस आयुक्तालयावर गेले पाहिजे. पण त्याआधी आपल्या अंगणात झाडू मारला पाहिजे. येत्या १४ एप्रिलच्या रॅलीत सायलेन्सर काढलेली एकही गाडी घेणार नाही, असे प्रत्येक मंडळाने आजच ठरवावे. चैत्यभूमीवर येताना हारफुलांऐवजी एक वही, एक पेन आणा, ही हाक आपल्या तरुणांनी उचलून धरलीच ना? अठरा तास अभ्यासाचे उपक्रम आपल्याच विहारांत चालतात ना? मग हे अवघड का वाटावे?

तरुण मित्रा, बुलेट जरूर घे. कार घे, तीही तुझ्या घामाची घे. ताठ मानेने गावाच्या मुख्य रस्त्यावरून ने. तुला अडवणारा कोणी निघाला तर आम्ही तुझ्या बाजूने उभे राहू. पण कंपनीने दिलेला सायलेन्सर तिला राहू दे. ग्रामसभेत बोल, कोर्टात बोल, वर्तमानपत्रात लिही, शिष्यवृत्ती थकली तर समाजकल्याणच्या दारात उभा राहून बोल. आपल्याला गप्प बसवू पाहणाऱ्यांना भीती वाटते ती तिथल्या बोलण्याची. गाडीच्या आवाजाने त्यांची झोप उडत नाही.

जयभीम!