पाचवीचा कोरा कागद

पाचवीच्या रात्री बाळंतिणीच्या घरात कोणी गाढ झोपत नाही. पाटा-वरवंटा धुऊन मांडतात, हळद-कुंकू वाहतात, कणकेचा दिवा लावतात, शेजारी विळा ठेवतात आणि एक कोरा कागद व पेन ठेवतात. मध्यरात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी त्याचं आयुष्य लिहून जाते, अशी समजूत. दिवा विझू द्यायचा नाही, बाळाला एकटं ठेवायचं नाही. कुणाकडे पाचवी पुजतात, कुणाकडे सहावी; मांडणी घराण्यागणिक बदलते. नांदेड-लातूरच्या आशाताईंना हे नव्याने सांगायला नको, आणि डॉक्टर मंडळींपैकी बहुतेकांचीही पाचवी झालेलीच असणार. तरी आपल्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत ही रात्र सापडत नाही. सापडलीच तर 'अंधश्रद्धा' या मथळ्याखाली, हुंडा आणि नजर लागणं यांच्या मधोमध. आमचं म्हणणं असं की बालआरोग्यात काम करणाऱ्याला वर्षभरात इतकं सावध घर पुन्हा मिळत नाही, आणि नेमके त्याच रात्री आपण तिथे नसतो.

ही भीती कुठून आली असावी, याचा अंदाज वैद्यकाच्या माणसाला सहज करता येतो. नाळ विळ्याने कापायची, वर राख किंवा शेण लावायचं, हा रिवाज देशभर होता. अशा नाळेतून शिरलेला धनुर्वात साधारण तिसऱ्या दिवसानंतर आणि बहुधा पहिल्या आठवड्यातच डोकं वर काढतो. काल चांगलं पिणारं मूल अचानक तोंड मिटतं, अंग ताठतं, दोन दिवसांत संपतं. इंग्रजी वैद्यकात या रोगाला 'सातव्या-आठव्या दिवसाचा रोग' अशीच नावं होती. म्हणजे मरण ठरावीक रात्रींच्या आसपास येत होतं, आणि ते अडवायला त्याच रात्री जागरण घातलं गेलं. काश्यपसंहितेत षष्ठीची पूजा आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह दिलेत; त्यातल्या स्कंदग्रहाची लक्षणं पाहा : मूल स्तन नाकारतं, तोंड वाकडं होतं, रडणं क्षीण होतं, मुठी आवळल्या जातात. ग्रहाचं नाव झाकून हे वर्णन वॉर्डातल्या निवासी डॉक्टरपुढे ठेवलं तर तो निदानाची यादी करायला घेईल, आणि त्या यादीत धनुर्वात वर असेल. पूतना ही याच नवांतली एक. कृष्णकथेतली तिची गोष्ट प्रत्येक आजीला पाठ असते, पण ती मुळात बाळंतिणीच्या खोलीतल्या धास्तीची गोष्ट आहे हे सहसा कोणी बोलत नाही.

गरोदरपणातली लस, निर्जंतुक ब्लेड आणि दवाखान्यातलं बाळंतपण यांनी तो धनुर्वात हटवला. मातेचा व नवजाताचा धनुर्वात भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून दूर झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं. सटवाईचा एक मोठा गुन्हा असा माफ झाला. पण पहिला आठवडा अजून निर्धोक नाही. जन्मापासून अठ्ठावीस दिवसांत होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांतच होतात. कारणं बदलली : दिवस भरण्याआधीचा जन्म, कमी वजन, जंतुसंसर्ग, जन्मताना गुदमरणं.

सप्टेंबर २०२३च्या अखेरीस नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ जण दगावले, त्यांत १२ नवजात होते. देशभर बातमी झाली, खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधं, खाटा, रिक्त पदं यांवर तेव्हा जे बोललं गेलं ते बोलायलाच हवं होतं आणि अजून बोलायला हवं. परंतु रुग्णालयाने दिलेलं एक स्पष्टीकरण गदारोळात विरलं : अनेक रुग्ण लांबून, अगदी शेवटच्या अवस्थेत आणले गेले होते. हे कुणाच्या बचावासाठी आम्ही लिहीत नाही. मोठ्या रुग्णालयाच्या दारात बाळ पोहोचतं तेव्हा त्याच्या आजाराचे पहिले तास आधीच घरात, तालुक्यात आणि रस्त्यावर खर्च झालेले असतात, आणि त्यातला घरातला हिशेब आपल्या खात्यावर आहे.

पाचव्या दिवसाकडे नुसतं शरीरशास्त्र म्हणून बघितलं तरी तो भरलेला दिवस आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली साध्या बाळंतपणाची बाई बहुधा तिसऱ्या दिवसापर्यंत घरी आलेली असते. दूध याच सुमारास नीट उतरतं. पहिल्यांदा आई झालेल्या मुलीची छाती दाटते, बाळ पकडत नाही, आणि सासू किंवा आत्या वाटी-चमचा शोधू लागते. जन्मानंतर घटलेलं वजन अजून भरून यायचं असतं. कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत ठळक असते, आणि आपल्याकडे बाळंतिणीची खोली मुद्दाम अंधारी ठेवतात. पिवळेपणा दिव्याच्या उजेडात दिसत नाही. पाचवीची मांडणी सुरू होण्याआधी, ऊन असताना बाळाला दारात आणून तळहात-तळपाय बघा, एवढं एक वाक्य जर आपल्या आशाताई प्रत्येक घरी सांगू लागल्या, तर आम्हाला हा अंक काढल्याचं समाधान वाटेल.

घरच्या घरी नवजातांची देखभाल ही कल्पना महाराष्ट्राचीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना शिकवून नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी करून दाखवले. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला आणि २०११पासून देशभरच्या आशांच्या कामात ती पद्धत गेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. पाचवी त्या वेळापत्रकात तिसऱ्या आणि सातव्याच्या मधे पडते. वेळापत्रक बदला, असं आम्ही म्हणत नाही. पण तिसऱ्या दिवशी बाई दवाखान्यातून आलीच नसेल तर ती भेट कागदावरच होते, हे आपण सगळे जाणतो. अशी भेट पाचवीच्या संध्याकाळी सरकवली तर घरातली निर्णय घेणारी माणसं, म्हणजे आजी, मामी आणि जागरणाला आलेल्या आत्या, एकाच ठिकाणी भेटतात. सातव्या दिवशी त्या आपापल्या गावी गेलेल्या असतात आणि आशाताई सगळं ज्ञान अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीला सांगून येते, जिच्या हातात त्या घरातली चहाची साखरसुद्धा नसते.

तिथे जाऊन सटवाईशी भांडू नये. जागरण उत्तम आहे. रात्रभर कुणीतरी बाळाकडे बघणार, यापेक्षा वेगळी 'देखरेख' आपण तरी काय शिकवतो? बाळाला गुंडाळणं, आईजवळ ठेवणं, दर दोन-तीन तासांनी पाजणं हे त्याच रात्रीत बसतं. बाजेखालची शेगडी मात्र धुरासकट खोलीबाहेर जायला हवी. आणि बिब्बा. पोट फुगलं, बाळ कण्हतंय म्हणून बिब्ब्याचे ठिपके देणं अजून थांबलेलं नाही. त्या तेलाने नवजाताची कातडी भाजते, भाजलेल्या जागेतून जंतू शिरतात, आणि ज्या कण्हण्यासाठी बिब्बा दिला ते कण्हणं बहुधा श्वासाचा त्रास असतं. मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणं, अंग गार पडणं, दूध सोडणं : यातलं एकही दिसलं तर रात्रीच निघायचं, देवी रागावणार नाही. हे आजीला पटवायचं असेल तर माहूरची गोष्ट तिच्याच तोंडून काढून घ्या. अनसूयेच्या दारी तीन देव कसोटी बघायला आले. तिने त्यांची तान्ही बाळं केली आणि पहिलं काम केलं ते त्यांना पाजायचं. माहूरगडावर अनसूयेचं शिखर रेणुकेच्या आणि दत्ताच्या शिखराजवळच आहे, नवस फेडायला अर्धा मराठवाडा चढतो. चीक पिळून फेकून मध चाटवणाऱ्या घरात ही कथा आमच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त चालते.

सगळ्यात मोठं छिद्र मात्र देवीच्या नव्हे, आपल्या बाजूला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. नाव नोंदलेलं सासरच्या उपकेंद्रात, माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या आशेने भरलेलं, आणि सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी गेलेली. सासरच्या आशेच्या वहीत ती 'बाहेरगावी', माहेरच्या आशेच्या वहीत ती नाहीच. उदगीर-देवणीच्या घरांचं माहेर बीदरकडे, देगलूर-बिलोलीच्या घरांचं निजामाबादकडे, किनवटचं आदिलाबादकडे. १९५६ साली भाषेवर राज्यं वाटली गेली, रोटी-बेटी वाटली गेली नाही. सरकारी नोंदणीच्या पोर्टलवर तिचा नंबर एकच असेलही. दार वाजवणारं माणूस पोर्टल पाठवत नाही. आठव्या महिन्यात एक फोन, या आशेकडून त्या आशेला, एवढाच यावर उपाय आम्हाला दिसतो, आणि तो फोन कुणाच्या मानधनाच्या रकान्यात बसत नाही.

आता कागदाकडे. देवीच्या कागदाशेजारी सरकारचा कागदही असतो, त्याची मुदत एकवीस दिवस. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागतं, त्यापुढे वर्षभरात लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद, वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश. दवाखान्यातल्या जन्माला हे फारसं अवघड नाही. पण मुखेड, कंधार, लोहा, जळकोट इथून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचं मूल कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, जन्मलं, तर ज्या गावच्या हद्दीत तो फड आहे तिथल्या ग्रामपंचायतीत नोंद करायची असते. मुकादमाची उचल डोक्यावर असलेला बाप त्यासाठी दिवस मोडत नाही. टोळी एप्रिल-मेमध्ये परतते तोवर मुदत कधीच संपलेली असते.

मग सहाव्या वर्षी शाळेत गुरुजी विचारतात आणि १ जून ही तारीख लिहिली जाते. मराठवाड्यात एका पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, याची आपण चेष्टा करतो. मुलगी पंधरा-सोळाची झाली की चेष्टा संपते. तिचं लग्न ठरलं, कुणीतरी १०९८वर फोन केला, पथक आलं, आणि प्रश्न एकच : वय काय? कायद्यात आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. तिसऱ्या पायरीवर प्रकरण आपल्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर येतं. मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून वय सांगताना दोन्हीकडे दोन वर्षांची चूक गृहीत धरावी लागते. सोळा आणि अठरा यांत फरकच दोनचा. बाहेर मांडववाले थांबलेत, मुलीचा मामा दवाखान्याच्या दारात उभा आहे, आणि डॉक्टरने 'सोळा ते अठरा' असं लिहिलं की तो कागद ज्याच्या हाती जास्त जोर त्याच्या कामाला येतो.

बालविवाह रोखणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३० रोजी ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाला, तेव्हा निजामाच्या राज्यातल्या आपल्या आज्यांना तो नव्हता. आज २००६चा कायदा आहे, आणि महाराष्ट्राने गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमला तो ग्रामसेवक. गावातल्या जन्माची नोंद करणाराही तोच. एकाच माणसाच्या हातात मुलीचं वय लिहायचं पेन आणि त्या वयाआधीचं लग्न थांबवायचा अधिकार आहे. पहिलं काम एकवीस दिवसांत झालं तर दुसऱ्या कामाला सोळा वर्षांनी कुणाच्या मनगटाचा फोटो लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. यामागे ऊसतोडीचंही गणित आहे : तिथे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याचा तो अर्धा कोयता आणि उचलही अर्धी. हे गणित जोवर आहे तोवर मुलीचं वय वाढवून सांगणारे हात कमी होणार नाहीत.

इरावती कर्वे यांनी १९५० साली 'मॅन' या इंग्रजी नियतकालिकात सटवाईची एक मराठी कथा दिली होती. सटवाईची मुलगी आईला विचारते, तू रोज रात्री कुठे जातेस? मग हट्ट धरते, माझ्या कपाळी काय लिहिलंस ते सांग. आई सांगते : तू स्वतःच्या मुलाशी लग्न करशील. पोर घाबरून रानात जाऊन राहते, पुरुषाचं तोंड बघत नाही, तरी लिहिलेलं चुकत नाही. या गोष्टीत आम्हाला जाणवतो तो आईचा हतबलपणा. लिहिणारी तीच, लेक तिची, आणि खोडायला रबर तिच्याकडेही नाही. 'तिच्या कपाळी हेच होतं' असं म्हणत पंधराव्या वर्षी मुलीला बोहल्यावर उभी करणारी आई आपण सगळ्यांनी पाहिली आहे, आणि तीही बहुतेक वेळा खोटं बोलत नसते.

तेव्हा पाचवीच्या संध्याकाळी जाल तेव्हा जन्मनोंदीचा अर्ज बरोबर न्या. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं. बारशापर्यंत थांबायची गरज नाही, हे घरोघरी सांगावं लागतं. आई-बापांची नावं, जन्माची वेळ आणि ठिकाण, दवाखान्याचा कागद. पेन तिथे ठेवलेलंच असतं. ऊसतोडीला निघालेल्या घरात सात-आठ महिन्यांची गरोदर बाई असेल तर कारखान्याचं नाव, फडाचं गाव आणि मुकादमाचा फोन दिवाळीआधीच वहीत उतरवून घ्या. माहेर-सासरच्या दोन आशांनी ठरवून एकाच बाळाच्या भेटी पुऱ्या केल्याची उदाहरणं नांदेड-लातूरच्या वाचकांकडे असतील तर ती आम्हाला कळवा, बाळाचं आणि आईचं नाव न लिहिता. सीमेपलीकडच्या माहेराची असतील तर आधी तीच छापू.