दूरच्या प्रवासाची मोटारसायकल

आमच्या एका वाचकांनीं गेल्या महिन्यांत आम्हांस लिहिलें आहे कीं, त्यांच्या धाकट्या पुतण्याला नोकरी लागली असून, मोटारसायकल घेऊन पुण्याहून लेहपर्यंत जावयाचें असें त्यानें मनांत घेतलें आहे. घरांतील वडीलधारी मंडळी कांहीं विरुद्ध, तर कांहीं गप्प आहेत. तेव्हां गाडी कोणती घ्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे. तो एकाच घरचा नसावा, म्हणून उत्तर येथेंच देतों.

प्रथम वडीलधाऱ्यांस दोन शब्द. मिळवत्या मुलास 'जाऊं नकोस' म्हटल्यानें तो जावयाचा थांबत नाहीं. फार तर सांगावयाचा थांबतो. त्यापेक्षां निवडीच्या वेळीं त्याच्याबरोबर दुकानांत जावें, हें शहाणपणाचें.

आतां गाडीविषयीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं स्वतः गरजेपेक्षां दिमाखाकडे पाहून एक अवजड गाडी घेतली होती. ऐन श्रावणांत आंबा घाटांतील एका वळणावर ती चिखलांत आडवी झाली. आम्हांस किंवा मागें बसलेल्या आमच्या कुटुंबास इजा झाली नाहीं. परंतु दोघांनीं मिळून पाउण तास खटपट केली तरी गाडी उठेना. अखेर एका मालमोटारीच्या चालकानें खालीं उतरून ती उभी करून दिली. दोष गाडीचा नव्हता. ती आमच्या ताकदीबाहेरची होती. त्या दिवसापासून आमचा पहिला नियम असा कीं, जी गाडी आडवी झाल्यावर आपली आपणांस उचलतां येत नाहीं, ती दूरच्या प्रवासास घेऊं नये. होंडाची गोल्ड विंग सडकेवर कितीही सुखाची असली तरी तिचें वजन साडेतीनशें किलोंच्या वर आहे. उलट हीरोची एक्सपल्स २०० ही सुमारें १६० किलोंची, आणि २०२३ मध्यें निघालेली रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० ही १९६ किलोंची. बैठकीवर बसून पाय जमिनीस नीट टेकतात कीं नाहीं, हेंही दुकानांतच पाहून घ्यावें.

दुसरा विचार पेट्रोलचा. मनालीकडून लेहला जातांना तांडीच्या पंपावर 'पुढील पंप ३६५ किलोमीटरांवर' अशी पाटी वर्षानुवर्षें होती. १३ लिटरांची टाकी व लिटरला ३५ किलोमीटर असा हिशेब केला तर ४५५ होतात. परंतु चढावर, सामानासह, तीच गाडी २५ देऊं लागली कीं ३२५ च उरतात. कागदावरचा हिशेब घाटांत खरा ठरत नाहीं, म्हणून अशा वाटेवर पांच लिटरांचा डबा बरोबर असावा.

तिसरा विचार हवेचा. त्या वाटेवरील तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरांहून उंच आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें निम्माच असतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडींत हवा विरळ झाली तरी पेट्रोल जवळजवळ तेवढेंच येतें. त्यामुळें ती काळा धूर सोडते व गुदमरते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या नियमांनंतरच्या गाड्यांत बहुधा इंजेक्शनची योजना असते. ती हवेच्या मानानें पेट्रोल मोजून देते. जोर तिचाही कमी होतो, पण ती अडत नाहीं. जुनी गाडी स्वस्तांत मिळते म्हणून घेणारानें हें ध्यानांत ठेवावें.

चौथा विचार दुरुस्तीचा. ज्या गाडीचा कारागीर तालुक्याच्या गांवींही भेटतो, ती खरी प्रवासाची गाडी. ट्यूबविरहित टायरचें पंक्चर रस्त्याच्या कडेस थोड्या वेळांत स्वतः बुजवितां येतें. आऱ्यांचें चाक वांकलें तर बहुधा सरळ करतां येतें. साखळीस दर पांचशें किलोमीटरांस तेल द्यावें, व क्लचची एक जादा केबल सामानांत ठेवावी.

इंजिनाविषयीं आमचें मत थोडक्यांत असें: एकट्यास २०० सी.सी. पुरे, मागें कोणी बसणार असेल तर ३५० ते ४५०. याहून मोठ्या इंजिनाचे पैसे वांचवून आय. एस. ४१५१ या मानकाचें हेल्मेट, जाकीट, हातमोजे व घोट्यापर्यंतचे बूट घ्यावे. डोक्यावर हलकें हेल्मेट घालून भारी गाडी मिरविणें हा उलटा व्यवहार होय.

गाडी आल्यावर लगेच लेहचें नांव काढूं नये. आधीं महाबळेश्वर, मग सामान बांधून कोंकण, असें दोनदां जाऊन यावें. कोणतें सामान निरर्थक होतें, हें तेव्हांच कळतें. दिवसास तीनशें किलोमीटरांची मर्यादा, अंधारापूर्वीं मुक्काम, मुक्कामावरून घरीं दूरध्वनि, आणि ३,५०० मीटरांवरील लेहला पोहोंचल्यावर दोन दिवस पूर्ण विश्रांति, एवढें वचन पुतण्याकडून घ्यावें. तें त्यानें मोकळेपणानें दिलें, तर निघण्याच्या दिवशीं आजीनें त्याच्या हातावर दहीं ठेवण्यास आमच्या मतें कांहींच हरकत नाहीं.