बातमीदाराचे गोत्र आणि बातमीची पारख

एखादी गैरसोयीची बातमी आली की आपल्या बैठकांतून पहिला प्रश्न निघतो तो असा: हा वार्ताहर कोणाचा माणूस? त्याचे वृत्तपत्र कोणत्या भांडवलदाराच्या मालकीचे? उत्तर मनासारखे मिळाले तर बातमी खरी. नाही तर ‘विश्वसनीय नाही’ असा शेरा मारून चर्चा मिटवायची. मालकीचा प्रश्न गैरलागू आहे, असे माझे म्हणणे नाही. मालकाचा पैसा बातमीवर दाब आणतो, हे अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी नाकारणार नाही. परंतु त्या एका प्रश्नापाशीच अडून राहणे हा बौद्धिक आळस आहे आणि त्याची किंमत भुकेल्या माणसांनी मोजलेली आहे.

१९३३ सालचे युक्रेन पाहा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे मॉस्कोतील वार्ताहर वॉल्टर ड्युरांटी हे १९३२ च्या पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी. त्यांच्यापुढे गॅरेथ जोन्स हा अवघ्या २७ वर्षांचा वेल्श तरुण, तोही लॉइड जॉर्ज यांच्या पदरी काम केलेला. गोत्र पाहून निवाडा करायचा तर ड्युरांटींची सरशी ठरलेलीच होती. पण जोन्स मार्च महिन्यात खारकोव्हच्या अलीकडे आगगाडीतून उतरला आणि खेड्यापाड्यांतून पायी हिंडला. २९ मार्चला बर्लिनमध्ये त्याने दुष्काळाची वार्ता जाहीर केली. दोनच दिवसांनी ड्युरांटींनी छापले की, रशियन लोक भुकेले आहेत, पण उपासमारीने कोणी मरत नाही. मे महिन्यात जोन्सने त्याच वृत्तपत्रातून उत्तर दिले आणि आपला आधार उघड मांडला: स्वतः पाहिलेली गावे, शेतकऱ्यांशी झालेले बोलणे, परदेशी वकिलातींतील अधिकारी, जर्मन वसाहतकऱ्यांची पत्रे. सप्टेंबरात याच ड्युरांटींनी ब्रिटिश वकिलातीत खासगीत सांगितले की, अन्नाअभावी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे एक कोटीपर्यंत माणसे दगावली असण्याचा संभव आहे. छापायचे सत्य एक, कुजबुजायचे दुसरे!

आता घरचे उदाहरण घ्या. १९४३ साली बंगालमध्ये माणसे मरत असताना सरकारने रीतसर दुष्काळ जाहीर केला नाही. २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने रस्त्यांवरील भूकग्रस्तांची छायाचित्रे छापली आणि झाकलेले उघडे पडले. वृत्तपत्र ब्रिटिश मालकीचे, संपादक इयन स्टीफन्स इंग्रज. आपल्या कसोटीने ते केराच्या टोपलीतच जायचे! त्या दुष्काळात वुडहेड आयोगाच्या हिशेबाने सुमारे १५ लाख, तर अमर्त्य सेन यांच्या अंदाजाने ३० लाखांच्या आसपास माणसे मेली.

मग पारख कशी करावी? वार्ताहर स्वतः त्या ठिकाणी गेला होता काय? तो आपला आधार सांगतो काय? त्याचे म्हणणे दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहता येते काय? चूक दाखवल्यावर तो दुरुस्ती छापतो काय? हे प्रश्न विरोधकाला विचारावेतच. ‘आपल्या’ माणसाला मात्र अधिक कठोरपणे विचारावेत, कारण त्याच्यावर विश्वास ठेवायला आपण आधीच उत्सुक असतो. ज्यांना उपाशी माणसाची बाजू घ्यायची आहे, त्यांना त्याच्या उपासमारीची वार्ता केवळ ती आणणाऱ्याचे तोंड पाहून फेटाळण्याचा अधिकार नाही.