होमपेजवरची आजी

कॅमेरा फराळाच्या डब्यात ठेवणारा प्राणी तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. गेल्या शनिवारी, भुईगावात. वसई रोडला उतरायचं, पश्चिमेला रिक्षा पकडायची, आणि टॉवर कुठे संपले नि केळीच्या वाड्या कुठे सुरू झाल्या हे नीट कळायच्या आत गाव येतं. सोबत खारं वारंही येतं. डब्याची भानगड त्या वाऱ्यामुळेच.

प्राणी म्हणजे माझ्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उंची सहा फूट, तरी घरात सगळे छोटूच म्हणतात, तर आपणही छोटूच म्हणू. बोरा बाजारातून घेतलेला सेकंडहँड कॅनन १३००डी हा त्याचा जीव. २०१६चं मॉडेल, १८ मेगापिक्सल. आजच्या फोनचे आकडे ऐकले तर हसू येईल असा, पण छोटूसमोर हसायची सोय नाही. "ताई, मेगापिक्सल मोजू नकोस, सेन्सरचा साइज बघ," असं लेक्चर सुरू होतं आणि चहा गार होतो.

समुद्रकिनारी कॅमेरा सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. हवेत दमटपणा इतका की लेन्सच्या आत बुरशी धरते. काचेवर कोळ्याचं जाळं विणल्यासारखी दिसते आणि एकदा कोटिंग खाल्लं की लेन्स कामातून गेली. छोटूची पहिली लेन्स अशीच एका पावसाळ्यात गेली. तेव्हापासून कॅमेरा, लेन्स, कार्ड रीडर असा सगळा संसार नाताळच्या फराळाच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. दाणे निळे असले की कोरडे, गुलाबी झाले की पाणी प्यायले. मग ते मंद आचेवर गरम करायचे, की पुन्हा निळे. त्यासाठी एक जुनी कढई वेगळी काढलीय, तरी आजीचं म्हणणं कायम, "चुलीवर खडे भाजणारा हा घरातला पहिलाच!" त्या नाताळात करंज्या कशात ठेवायच्या यावरूनही बरंच महाभारत झालं म्हणे.

त्याचा दिवस ऐका. पहाटे साडेपाचला अलार्म. सुरूच्या बनातून किनाऱ्यावर. हिवाळ्यात तिथे पाहुणे कुरव उतरतात, ओहोटीच्या ओल्या वाळूवर शेकड्यांनी बसलेले. त्यांचे फोटो काढायचे, परत येऊन कार्ड रिकामं करायचं, मग वसई रोडवरून अंधेरीची लोकल. त्या गर्दीत लॅपटॉपची बॅग पोटावर, तीन महिन्यांच्या बाळासारखी. कॉलेज, प्रॅक्टिकल, परतीची लोकल. रात्री नऊला मशीन पुन्हा चालू. पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालवायचा की राऊटर, यावर घरात मतदान होतं. राऊटर आजवर एकदाही जिंकलेला नाही.

आणि एवढं सगळं कशासाठी? इन्स्टासाठी? छे! अकाउंट आहे, पण तिथे भाव देत नाही. छोटूची स्वतःची वेबसाइट आहे. हाताने लिहिलेलं एचटीएमएल, गिटहब पेजेसवर फुकट ठेवलेलं. तिथे साइटला एक जीबीची मर्यादा, म्हणून सहा-सात एमबीचा प्रत्येक फोटो तो स्वतःच्या छोट्या प्रोग्रामने दोनशे केबीपर्यंत आणतो. लाइकचं बटण नाही, फॉलोअर्स नाहीत. बघणारे किती? "आठवड्याला चाळीसएक. त्यातले दहा मीच."

मी विचारलं, या जमान्यात वेबसाइट कशाला रे? तर पठ्ठ्याने मला इतिहास ऐकवला. जिओसिटीज १९९४मध्ये सुरू झालं, १९९९मध्ये याहूने घेतलं, जगभरच्या लाखो हौशी पोरांनी तिथे आपापली पानं बांधली, चमचमणाऱ्या अक्षरांची, 'अंडर कन्स्ट्रक्शन'च्या पाट्यांची. ऑक्टोबर २००९मध्ये याहूने शटर ओढलं (जपान तेवढं २०१९पर्यंत टिकलं). मग ऑर्कुट, ३० सप्टेंबर २०१४ला बंद. फ्लिकरने फुकट खात्यांना हजार फोटोंची मर्यादा घातली आणि २०१९मध्ये वरचे उडवायला सुरुवात केली. "भाड्याच्या घरात खिळा ठोकायला पण विचारावं लागतं, ताई," छोटू म्हणाला. गिटहबसुद्धा भाड्याचंच घर की रे, मी म्हटलं. "हो, पण माझं सामान एका पेनड्राइव्हमध्ये बांधलेलं असतं. उद्या निघ म्हणाले तर तासाभरात दुसरीकडे." मुद्दा बरोबर होता. लाडू घेऊन गप्प बसले.

साइटवर कुरव आहेतच, पण तिचा जीव आहे बावखलांत. वसईबाहेरच्यांसाठी सांगते. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. समुद्र हाकेवर असूनही इथली केळी, पानवेल, सोनचाफा, मोगरा जगतो तो या पाण्यावर. पावसाचं पाणी बावखलात साठतं, जमिनीत मुरतं आणि खाऱ्या पाण्याला मागे थोपवून धरतं. बावखल बुजवलं की दोनचार वर्षांत शेजारच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागतं, हे इथलं कुणीही म्हातारं माणूस सांगेल. आणि बावखलं बुजतायत. मातीचे डंपर येतात, एका पावसाळ्यात तळं होतं तिथे पुढच्या पावसाळ्यात कंपाउंड असतं. छोटू सायकलवरून भुईगाव आणि आजूबाजूची गावं फिरतो, प्रत्येक बावखलाचा उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एकेक फोटो काढतो, तारखेसकट साइटवर टाकतो. काही पानांवर एकच फोटो आहे. दुसऱ्या खेपेला फोटो काढायला तळंच नव्हतं.

होमपेजवर मात्र आजी होती. स्वतःच्या वाडीतलं बावखल, काठावर वाकून कळशी भरणारी आजी, लाल लुगडं, पाण्यात माडाची सावली. सकाळचं कोवळं ऊन डावीकडून. बॉस, खरंच भारी फोटो! मी स्वतः तो तीन जणांना पाठवला होता.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात शेजारणीने आजीला विचारलं, "काय गं, वाडी काढलीस वाटतं विकायला?" आजीला कळेना. शेजारणीने फोन पुढे केला. कुण्या जमिनीच्या एजंटचं व्हॉट्सअपवर फिरणारं पत्रक. 'समुद्राजवळ फार्म प्लॉट, निसर्गाच्या कुशीत', खाली मोबाइल नंबर, आणि मधोमध आजी, कळशीसकट. कोपऱ्यात छोटूने टाकलेलं नाव तेवढं कापलेलं.

मुंबईकराला यात फारसं काही वाटणार नाही. पण वसईत जमीन हा चेष्टेचा विषय नाही. १९९०मध्ये इथलं नियोजन सिडकोकडे गेलं, पाठोपाठ इमारती आल्या, टँकर आले, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसोबत माणसं हरित वसईसाठी रस्त्यावर उतरली. २००९मध्ये महापालिका झाली तेव्हा पश्चिमेच्या कित्येक गावांनी आम्हाला त्यातून वगळा म्हणून आंदोलन केलं. अशा गावात 'अमुक बाईने वाडी काढली' ही बातमी मंगळवारपर्यंत चार गावं फिरते. आजीच्या भावाने तिला फोन करून विचारलं, मला सांगितलं पण नाहीस? आजी दोन रविवार चर्चला गेली नाही. जन्मात पहिल्यांदा.

छोटू पेटला. त्याने पत्रकावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडचा एकदम निवांत, "नेटवर होता ना फोटो? मग फुकटच की रे." छोटूने तयारी केली होती. कॉपीराइटचा कायदा १९५७चा आहे, फोटोचा पहिला मालक साधारणपणे तो काढणारा असतो, आणि त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरही साठ वर्षं तो हक्क राहतो. पुरावा म्हणून मूळ रॉ फाइल होतीच, तारीख, वेळ, कॅमेऱ्याच्या नंबरासकट. ती काही नेटवरून उचलता येत नाही. त्याने हे सगळं टाइप करून पाठवलं. दोन दिवसांनी पत्रकावर आजीच्या जागी कुठल्यातरी परदेशी समुद्राचा फोटो आला. जुनं पत्रक कुणाकुणाच्या फोनमध्ये अजून असेलच, ते कोण पुसणार?

तरी केस जिंकली होती. छोटू नाचतच आजीकडे गेला. कायद्याने फोटो माझा आहे, त्याला कबूल करावंच लागलं वगैरे. आजी त्यांच्या बोलीत जे म्हणाली ते मला जमेल तसं मराठीत देते.

"तुझा कसा? तोंड माझं, लुगडं माझं, कळशी माझी. तू मला विचारलंस? त्याने तुला नाही विचारलं म्हणून तू भांडलास."

छोटू सांगत होता तेव्हा मला हसू फुटलं आणि लगेच गेलं. कारण फ्रीलान्सिंगच्या पाचसहा वर्षांत मी किती आज्यांचे फोटो काढलेत याचा हिशेब मनात सुरू झाला. बाजारातल्या, एसटी स्टँडवरच्या, सुरकुत्या झूम करून. मास कॉमला आम्हाला फ्रेमिंग महिनाभर शिकवलं. परवानगी एका लेक्चरमध्ये उरकली, तेही मी कँटीनमध्ये होते. सुप्रीम कोर्टाने २०१७मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तेव्हा मी त्यावर असाइनमेंट लिहून चांगले मार्क मिळवले होते. त्या आज्यांपैकी एकीचंही नाव मला आठवत नाही.

छोटूने त्याच रात्री होमपेज बदललं. आता तिथे नुसतं बावखल आहे, पाणी आणि माडाची सावली. मग तो साइटवरचा एकेक फोटो तपासत बसला. माणसं असलेले सत्तावीस निघाले. प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारायला त्याला तीन आठवडे लागले. एकोणीस जण हो म्हणाले, सहा नाही, आणि दोन काका म्हणाले की आमचा मोठा करून लाव. जाताजाता आणखी एक घोळ सापडला. फोनने काढलेल्या फोटोंच्या फाइलींत जीपीएसचे आकडे तसेच होते. बरेचसे सोशल मीडियावाले ते चढवतानाच पुसतात, स्वतःच्या साइटवर आपल्यालाच पुसावे लागतात. म्हणजे कुणाची वाडी नेमकी कुठे, हे तो वर्षभर जगाला वाटत होता. पुसले सगळे.

मी निघताना आजी ओटीवर पानं निवडत बसली होती. सवयीने माझा हात फोनकडे गेला आणि थांबला. "आजी, एक फोटो काढू?"

"कुठल्या पेपरात येणार?"

मी नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, आत्ता नको, हे घरातलं लुगडं आहे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पत्रकातल्या फोटोचा तिला सगळ्यात मोठा राग कशाचा होता. कळशी भरताना ती ठिगळ लावलेल्या लुगड्यात होती, आणि तसं तिला सगळ्या गावाने पाहिलं.

आजी आत गेली. वीस मिनिटांनी सणाचं लुगडं, गळ्यात सोनं, केस चापून बसवलेले. छोटूने डब्यातून कॅमेरा काढला. चाळीसेक फोटो झाले. तिने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एकेक बघून नापास केले आणि शेवटी एक ठेवला. त्याची मोठी प्रिंट काढून भिंतीवर लावायची आहे, आजोबांच्या शेजारी. पेपरात द्यायचा का, हे ती विचार करून कळवणार होती. मंगळवारी छोटूचा मेसेज आला, नको म्हणते.