चिन्हे आपली, हत्यारे कोणाची?

ॲपल कंपनीच्या मॅकिंतॉश या संगणकासाठी सुझन केअर या तरुण चित्रकर्तीने चिन्हे काढावयास घेतली, तेव्हा तिच्या हाती त्या कामाचे कोणतेही सॉफ्टवेअर नव्हते. तो काळ 1982-83चा. तिने अडीच डॉलरची एक चौकटीच्या कागदांची वही आणली आणि तीत बत्तीस गुणिले बत्तीस असे 1024 चौकोन आखून घेतले. एक चौकोन म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. तो काळा करावयाचा किंवा पांढरा ठेवावयाचा. हसऱ्या चेहऱ्याचा संगणक, रंगाची बादली, कात्री अशी जी चिन्हे पुढे जगभर ओळखीची झाली, त्यांचे कूळ या वहीत आहे. तिच्या वह्या आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. चाळीस वर्षे लोटली, तरी त्यांचे पान उलटण्यासाठी कोणत्याही कंपनीचा परवाना लागत नाही.

आज मोबाईलच्या किंवा संगणकाच्या पडद्यासाठी बटणे व चिन्हे घडविणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो चित्रसंपादनाचे कोणते सॉफ्टवेअर निवडावे हा. त्याचे उत्तर सामान्यतः सोय, वेग आणि किंमत या तीन निकषांवर दिले जाते. हा हिशेब चुकीचा नाही. तो अपुरा आहे. काढलेल्या चित्राची मूळ प्रत कोणत्या रूपात शिल्लक राहील आणि उद्या ती कोणाच्या मर्जीने उघडेल, हा चौथा निकष त्यात धरलाच जात नाही. आणि चिन्हांच्या बाबतीत तर तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

याचे कारण चिन्हाच्या स्वरूपातच आहे. चिन्ह एकदा काढून भागत नाही. अँड्रॉइड फोनवरील एकाच चिन्हाच्या, पडद्याच्या दाटीनुसार, 48, 72, 96, 144 आणि 192 ठिपके रुंदीच्या प्रती लागतात. चित्र दोन रीतींनी साठविता येते. एक ठिपक्यांची रीत. तीत लहान चित्र मोठे केले की कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. दुसरी रेषांची, तीत आकाराचे जणू गणिती सूत्रच नोंदलेले असते आणि त्यावरून हव्या त्या मापाची प्रत निघते. अगदी बारीक मापाला, म्हणजे सोळा ठिपक्यांच्या चौकोनात, सूत्र पुरेसे पडत नाही. तेथे केअरबाईंप्रमाणे एकेक ठिपका हाताने बसवावा लागतो. तेव्हा या कामाला दोन्ही रीतींचे हत्यार हवे.

असे हत्यार एके काळी होते. मॅक्रोमीडिया कंपनीने 1998 साली काढलेले ‘फायरवर्क्स’ हे सॉफ्टवेअर नेमके संकेतस्थळांवरील बटणे व चिन्हे घडविण्यासाठीच होते आणि रेषा व ठिपके दोन्ही एकाच पटावर हाताळीत होते. त्याचे पुढे काय झाले, हे कळण्यासाठी त्याच्या थोरल्या भावंडाची, ‘फ्रीहँड’ची, कथा आधी सांगितली पाहिजे. मक्तेदारी कशी वाढते हे शिकविणाऱ्यांनी ती वर्गात सांगावी अशी आहे.

1994 साली ॲडोबी कंपनी आणि आल्डस कंपनी यांचे विलीनीकरण ठरले. ॲडोबीचे ‘इलस्ट्रेटर’ आणि आल्डस विकत असलेले ‘फ्रीहँड’ ही मॅकिंतॉशवरील रेखाचित्रणाची दोन प्रमुख, परस्परांशी झुंजणारी हत्यारे. ती दोन्ही एका मालकाकडे गेली तर स्पर्धा उरणार नाही, हे ओळखून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अट घातली: ‘फ्रीहँड’ त्याच्या मूळ निर्मात्या आल्टसिस कंपनीला परत करावे आणि ॲडोबीने दहा वर्षे अशा सॉफ्टवेअरच्या खरेदीपासून दूर राहावे. आल्टसिसला 1995 साली मॅक्रोमीडियाने घेतले. दहा वर्षांची मुदत भरली. ती भरून वर्षही उलटले नाही तोच, एप्रिल 2005 मध्ये, ॲडोबीने सुमारे 340 कोटी डॉलरांना सबंध मॅक्रोमीडियाच घेत असल्याचे जाहीर केले. 2007 साली ‘फ्रीहँड’चा विकास थांबला. ते वापरणाऱ्या चित्रकारांनी 2011 साली न्यायालयात धाव घेतली, 2012 साली तडजोड झाली. सॉफ्टवेअर मात्र परत आले नाही. 2013 साली ‘फायरवर्क्स’चीही तीच गत झाली. कायद्याने दिलेले संरक्षण दहा वर्षांचे होते, आणि भांडवलाला दहा वर्षे थांबणे जड जात नाही.

‘फायरवर्क्स’मध्ये काढलेली चित्रे आजही दिसतात, कारण त्यांचे बाह्यरूप पीएनजी या खुल्या प्रकाराचे आहे. पण त्या चित्रातील थर आणि रेषा, म्हणजे ज्यामुळे ते बदलता येते तो सारा गाभा, पूर्णपणे वाचणारे हत्यार तेवढे एकच होते. ॲपलच्या संगणकांवर तर 2019 सालच्या ‘कॅटालिना’ या प्रणालीपासून ते चालतच नाही. ज्याने पंधरा वर्षे चिन्हे काढली त्याच्याकडे आज आपल्याच कामाचे फक्त फोटो आहेत.

त्याच 2013 साली ॲडोबीने आणखी एक निर्णय घेतला, आणि तो अधिक दूरगामी ठरला. ‘फोटोशॉप’ व ‘इलस्ट्रेटर’ यांच्या नव्या आवृत्त्या विकत मिळणे बंद होऊन त्या केवळ वर्गणीवर मिळू लागल्या. वर्गणी हा सौम्य शब्द झाला. अर्थशास्त्रात याला खंड म्हणतात. महाराष्ट्रात ज्यांनी कूळकायद्याची लढाई पाहिली किंवा वडिलांकडून ऐकली, त्यांना खंडाचे स्वरूप समजावून सांगावे लागत नाही. 1 एप्रिल 1957 रोजी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले, त्यामागचा विचार असा की ज्याचे कष्ट त्याच्या हातचे साधन दुसऱ्याच्या लहरीवर असू नये. सॉफ्टवेअर म्हणजे जमीन नव्हे, आणि ते घडविणाऱ्यांचे श्रमही खरे आहेत, हे मान्य. परंतु जमिनीचा मालक निदान उभे पीक तरी घरी नेऊ देई. येथे खंड थकला की शेताच्या दारालाच कुलूप लागते आणि पीक आत राहते.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर ऑक्टोबर 2019 मधील व्हेनेझुएलाचे उदाहरण पाहावे. अमेरिकी सरकारच्या निर्बंधांचे कारण देऊन ॲडोबीने त्या देशातील सर्व खाती बंद करण्याचे जाहीर केले. महिना संपण्यापूर्वी निर्णय फिरला, ही सुदैवाची गोष्ट. पण त्या काही आठवड्यांत तेथील चित्रकारांना आपले हत्यार परक्या राजधानीतील एका आदेशावर अवलंबून असल्याचे कळून चुकले.

यावर ठरलेले उत्तर येते की पैसे मोजतो कोण? गल्लीबोळांतील संगणकांवर ‘फोटोशॉप’ची चोरटी प्रत असतेच. ही चतुराई आत्मघातकी आहे. चोरट्या प्रतीवर शिकलेला विद्यार्थी त्याच एका हत्याराचा बनतो, नोकरीच्या ठिकाणी त्याचीच मागणी करतो आणि शेवटी मालकाला ते विकत घ्यावेच लागते. मक्तेदारीचा एवढा निष्ठावान आणि बिनपगारी प्रचारक दुसरा नसेल.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे, तो असा की मुक्त सॉफ्टवेअर ओबडधोबड असते. ‘गिम्प’ वापरणाऱ्यांनी ही तक्रार वर्षानुवर्षे केली आणि ती बव्हंशी खरी होती. मूळ चित्राला धक्का न लावता त्यावर परिणाम साधण्याची सोय त्यात 2025 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आली. इतरत्र ती फार आधीपासून होती. छपाईच्या चार शाईंचे रंग हाताळण्यातही ते दुबळे राहिले. परंतु चिन्हे आणि बटणे छापावयाची नसतात, ती पडद्यावर उजळावयाची असतात. छापखान्याच्या उणिवेचे कारण सांगून पडद्याच्या कामासाठी खंड भरीत राहणे हा कोणता हिशेब?

‘गिम्प’चा इतिहास तर प्रस्तुत विषयाशी अगदी थेट जोडलेला आहे. स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी 1995 साली ते लिहावयास घेतले. त्यातील बटणे व खिडक्यांसाठी त्यांना आरंभी ‘मोटिफ’ हा खासगी मालकीचा संच वापरावा लागला. ते परावलंबन खटकले, म्हणून त्यांनी बटणांचा स्वतःचा संच रचला. तोच ‘जीटीके’. 1997 साली सुरू झालेला ‘ग्नोम’ हा लिनक्सचा सबंध दर्शनी पट त्याच पायावर उभा राहिला. चित्र काढण्याचे हत्यार बनविता बनविता दोन विद्यार्थ्यांनी बटणेही सार्वजनिक मालकीची करून टाकली!

रेषांच्या कामासाठी 2003 पासून ‘इंकस्केप’ आहे. त्याची मूळ फाईल एसव्हीजी या प्रकारात राहते. तो प्रकार 2001 साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने खुले प्रमाण म्हणून मान्य केला. ती फाईल म्हणजे साधा मजकूर असतो. उद्या ‘इंकस्केप’ बंद पडले तरी कोणत्याही साध्या मजकूर-संपादकात ती उघडून वर्तुळाची त्रिज्या वाचता येते. सुझन केअरच्या वहीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच. मध्यंतरी ‘ॲफिनिटी’ हे एकरकमी विकले जाणारे चांगले सॉफ्टवेअर कॅनव्हा कंपनीने 2024 साली घेतले आणि 2025 साली ते फुकट करून टाकले. फुकट मिळते म्हणून अवश्य वापरावे. पण मालकाने दिलेले फुकट आणि कोणाचीच मिरासदारी नसलेले मुक्त यांत काय अंतर आहे, हे ‘फायरवर्क्स’वाल्यांना विचारावे.

मराठी वाचकाला आणखी एक अनुभव आठवेल. ‘फोटोशॉप’च्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी नीट जुळत नसे. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी अक्षरामागे येण्याऐवजी पुढे जाऊन बसे आणि जोडाक्षरे फुटत. म्हणून बटणावरील ‘रद्द करा’ हे दोन शब्दसुद्धा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टंकावे लागत. ते चित्र झाले, मजकूर म्हणून मेले. ‘गिम्प’ आणि ‘इंकस्केप’ यांनी ‘पँगो’ हे जगातील लिप्या जुळविणारे सामाईक ग्रंथालय वापरले, आणि देवनागरीला ताटकळावे लागले नाही. लहान भाषांची निकड बाजाराला उशिरा कळते.

समजा, एखादी तालुक्याची पतसंस्था आपल्या सभासदांसाठी मोबाईलवरील सेवा करवून घेते. कंत्राटदार 48 ठिपक्यांची चित्रे देऊन निघून जातो. तीन वर्षांनी नव्या फोनसाठी 192 ठिपक्यांची प्रत हवी होते, मूळ फाईल कोणाकडे नसते, आणि सभासदांच्या ठेवींतून तेच चिन्ह दुसऱ्यांदा विकत घेतले जाते. हे टाळण्यास करारात एक कलम पुरते: प्रत्येक चिन्हाची मूळ एसव्हीजी प्रत आणि फाँटाचा परवाना संस्थेच्या ताब्यात द्यावा. कंत्राटदाराने ते चित्र ‘इलस्ट्रेटर’मध्ये काढावे की ‘इंकस्केप’मध्ये, हा मग त्याचा प्रश्न. केंद्र सरकारने 2015 साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. सहकारी संस्थांना त्याच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. केरळच्या सरकारी शाळांतील मुले पाठ्यपुस्तकातूनच ‘गिम्प’ आणि ‘इंकस्केप’ शिकतात. महाराष्ट्रातील कला आणि तंत्रनिकेतनांच्या अभ्यासक्रमांत मात्र साधनाचे नाव लिहिताना आजही बहुधा एकाच कंपनीचे नाव लिहिले जाते, आणि ते लिहिणाऱ्या अभ्यासमंडळावर कंपनीचा एकही माणूस बसलेला नसतो.