आगबोटीवरील दिवस

सागरसहलींच्या जाहिराती हल्लीं घरोघर येऊन पडूं लागल्या आहेत. मुंबईच्या बंदरांतून गोव्याकडे व लक्षद्वीपाकडे सहलीच्या बोटी सुटूं लागल्या, आणि ज्या घरांत पूर्वीं समुद्रगमनाचें नांव काढलें कीं प्रायश्चित्ताचा विषय निघे, त्या घरांतील आजीआजोबाही आतां नातवंडांसह चार दिवस बोटीवर जाऊन येतात. ही गोष्ट आम्हांस मनापासून आवडते. तथापि त्यांतील जीं वृद्ध मंडळी पूर्वीं बोटीनें विलायतेस गेलेलीं आहेत, तीं परत आल्यावर 'जुन्या बोटींची मौज यांत नाहीं' असें हमखास म्हणतात. तें केवळ म्हातारपणाचें कुरकुरणें समजून सोडून देऊं नये, असें आम्हांस वाटतें.

थाट म्हणाल तर आजच्या बोटींशीं जुन्या बोटींची बरोबरीच नाहीं. २०२४ च्या जानेवारींत समुद्रावर आलेली 'आयकॉन ऑफ द सीज' ही वीस मजल्यांची बोट सुमारें अडीच लक्ष टनांची असून तिच्यांत साडेसात हजार उतारू मावतात. पी. अँड ओ. कंपनीची १९६१ सालीं निघालेली 'कॅनबेरा' ही त्या काळीं प्रचंड म्हणून गाजली. ती पंचेचाळीस हजार टनांची होती. तिच्याहूनही जुन्या बोटींवर चौघांत मिळून एक खोली, वरखालीं बिछाने, आणि स्नानगृह बोळाच्या टोकाशीं. टबांत ऊन केलेलें समुद्राचें पाणी असे, व अंगावरचें मीठ धुण्यापुरतें गोडें पाणी निराळ्या लहान भांड्यांत मिळे. तांबड्या समुद्रांत उकाडा असह्य झाला म्हणजे उतारू बिछाने घेऊन डेकवर निजावयास येत. अशा बोटींच्या आठवणीनें जर माणसें उसासे टाकतात, तर त्याचें कारण थाटाहून निराळें असलें पाहिजे.

आमच्या मतें तें कारण इतकेंच कीं, ती बोट कोठें तरी जात होती. सहलीची बोट जेथून निघते तेथेंच परत येते. तिच्यावरील माणूस घरचें आयुष्य तसेंच ठेवून चार दिवस बाहेर पडलेला असतो. जुनी बोट मुंबई सोडी तेव्हां कोणी शिकावयास निघालेला असे, कोणी नवी नवरी नवऱ्याकडे चाललेली असे, कोणी गोरा गृहस्थ तीस वर्षांची नोकरी संपवून कायमचा परत जात असे. मागचें सुटलेलें, पुढचें अजून सुरू व्हावयाचें, आणि मध्यें पंधरा-सोळा दिवस असे कीं, ज्यांत कोणालाही कांहींच करतां येत नसे. असे दिवस मनुष्याच्या आयुष्यांत फार थोडे येतात.

आम्ही १९६३ च्या सप्टेंबरांत शिक्षणासाठीं एका विलायती कंपनीच्या बोटीनें निघालों. एअर-इंडियाचीं बोइंग विमानें १९६० पासून लंडनला जात होतीं. पण विद्यार्थ्यास बोटच परवडे, व सामानही पुष्कळ नेतां येई. बॅलार्ड पियरवर सारें कुटुंब लोटलें होतें. मातोश्रींनीं समुद्रास नारळ दिला, मेतकुटाची बरणी हातांतच न्यावी असें तीनदां बजावलें. वडील मात्र शेवटपर्यंत सामानाच्या पावतीखेरीज दुसऱ्या कशाविषयीं बोलले नाहींत. घंटा वाजून पोंचवावयास आलेली मंडळी खालीं उतरली. त्यानंतर बोट हलावयास जो पाऊण तास लागला, तो कांहीं केल्या संपेना. हात हालवून हालवून दोन्हीकडचीं माणसें दमलीं, तरी आधीं थांबावयास कोणी तयार होईना.

पहिले तीन दिवस पावसाळ्याच्या शेवटच्या लाटांनीं घेतले. १९५० च्या 'चुसान' बोटीपासून मोठ्या उतारू-बोटींस पाण्याखालीं दोन्ही बाजूंनीं पंख बसवूं लागले होते; त्यांमुळें बोटीचें डोलणें पुष्कळ कमी होई. आमच्या बोटीस ते नव्हते, ही माहिती आम्हांस आमच्या पोटानें दिली. चौथ्या दिवशीं ओळखीचे चेहरे एकेक करून डेकवर दिसूं लागले, आणि तेथून पुढें बोटीवरचें खरें जीवन सुरू झालें.

बोट पश्चिमेकडे चालली म्हणजे दर एक-दोन रात्रींनीं घड्याळें अर्धा तास मागें घ्यावींत अशी सूचना फळ्यावर लागे. मुंबई व ग्रीनिच यांच्या वेळांत साडेपांच तासांचें अंतर आहे. तें असें थोडें थोडें करून भरून निघे, व विलायतेस पोंचेपर्यंत शरीरही तिकडच्या वेळेस रुळलेलें असे. आज विमानांतून उतरलेला मनुष्य चार दिवस भलत्या वेळीं जागा राहतो, तेव्हां आम्हांस त्या फळ्याची आठवण होते. दुपारीं बारा वाजतां बोट चोवीस तासांत किती मैल चालली तो आंकडा जाहीर होई, व त्यावर लोक पैजा लावीत. दोरीचीं कडीं फेंकण्याचा खेळ, लांकडी घोड्यांची शर्यत (घोडे फांशांच्या दानाप्रमाणें पुढें सरकवावयाचे), सायंकाळीं तंबोला. सकाळीं अकराला गरम रस्सा फिरे. तो गोमांसाचा असल्यामुळें आमच्याकडील मंडळी बिस्किटांवर भागवीत. विलायती बोटीवर दुपारच्या जेवणांत 'करी' मात्र रोज ठरलेली. शाकाहारी मनुष्याचें जेवण उकडलेले बटाटे, पाव, लोणी व घरचें मेतकूट यांवर चाले, आणि आश्चर्य असें कीं, त्यांत कोणी वाळलें नाहीं.

एडनला जकात नसल्यामुळें घड्याळें व कॅमेरे स्वस्त मिळत. ज्यांच्या खिशांत कांहीं नसे तेही दुकानें पालथीं घालून येत. पोर्ट सैदला बोट थांबली कीं होडींतून आलेले विक्रेते दोरीनें टोपल्या वर चढवीत, आणि 'गली-गली' असें ओरडणारे जादूगार उतारूंच्या कोटांतून कोंबडीचीं जिवंत पिलें काढून दाखवीत. कालव्याच्या तोंडाशीं लेसेप्स याचा जो भव्य पुतळा होता, तो १९५६ च्या लढाईनंतर लोकांनीं पाडला. आम्हीं पाहिला तो नुसता रिकामा चौथरा. जुन्या पिढींतील प्रवाशांच्या वर्णनांत पुतळा आहे, आमच्या वर्णनांत चौथरा आहे. श्रीमंत लोक जातां-येतां सावलीच्या बाजूच्या खोल्या राखून ठेवीत व त्यावरून इंग्रजींत 'पॉश' हा शब्द निघाला, ही कथाही आम्हीं त्याच बोटीवर ऐकली. तिला आधार नाहीं. पण बोटीवर वेळ इतका असे कीं, आधाराची चौकशी कोणी करीत नसे.

हें सर्व फार लवकर संपलें. १९६७ च्या जूनमध्यें सुवेझ कालवा बंद झाला तो १९७५ पर्यंत उघडला नाहीं. आफ्रिकेस वळसा घालून जाण्यापेक्षां विमान बरें, असें ज्यांना पूर्वीं वाटत नव्हतें त्यांनाही वाटूं लागलें. कंपन्यांनीं मग आपल्या बोटी सहलींकडे वळविल्या. सहल ही कल्पना तशी नवी नव्हती. पी. अँड ओ. कंपनीनें १८४४ सालीं थॅकरे या कादंबरीकारास आपल्या बोटींनीं भूमध्य समुद्रांत फिरवून आणलें होतें, व त्यावर त्यानें पुस्तकही लिहिलें. 'कॅनबेरा' १९७४ पासून केवळ सहलीची बोट झाली. १९८२ सालीं फॉकलंडच्या युद्धांत तिनें सैनिक वाहून नेले, व १९९७ सालीं कराचीजवळ गदानीच्या किनाऱ्यावर ती मोडावयास गेली. तिचा तळ इतका खोल कीं ती किनाऱ्यावर पुरेशी चढेना, व तोडण्यास जवळजवळ वर्ष लागलें. १९६२ ची 'फ्रान्स' पुढें 'नॉर्वे' नांवानें सहलींवर फिरली. ती २००६ सालीं आपल्या शेजारच्या गुजराथेंत, अलंगला, मोडीसाठीं येऊन पडली.

बोटींच्या मरणाविषयीं युरोपांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस मात्र त्या वाचतांना दुसऱ्याच माणसांची आठवण होते. प्रत्येक उतारूस बोटीवर एक सुबक छापलेली नामावलि मिळे. आमची अजून आमच्यापाशीं आहे. तींत कप्तान, मुख्य अधिकारी, डॉक्टर यांचीं नांवें आहेत. मग उतारूंचीं, वर्णानुक्रमानें. ज्यानें सोळा दिवस आमचा बिछाना घातला, आजारपणांत लिंबू आणून दिलें, आणि आमचे जेवणाचे हाल पाहून खलाशांच्या भंडाऱ्याकडून दोनदां वरणभात मिळवून दिला, त्याचें नांव तींत नाहीं. तो साष्टींतील एका गांवचा गोंयकार होता, वयानें आमच्या वडिलांएवढा. आमच्याशीं तो मराठी-कोंकणी मिसळून बोले व आम्हांस 'बाबा' म्हणे. गोरे उतारू त्याला 'बॉय' म्हणत.

पी. अँड ओ.सारख्या कंपन्यांच्या बोटी अशाच माणसांवर चालत. वाढपी व खोल्यांवरील नोकर बहुतेक गोंयकार. डेकवरील खलाशांत रत्नागिरीकडील मुसलमान पुष्कळ, आणि त्यांच्यावर त्यांचाच सारंग. ब्रिटिश खलाशास कायद्यानें निजावयास जेवढी जागा मिळे तेवढी ह्यांना मिळत नसे, आणि पगार तर कित्येक पटींनीं कमी. आमचे जे सोळा रिकामे दिवस, ते यांचे सोळा कामाचे दिवस होते. त्यांच्या दृष्टीनें बोट सहलीचीच, कारण ती फिरून फिरून तेथेंच येई.

एके रात्रीं त्यानें आम्हांस सांगितलें कीं, भारत सरकारनें १९५५ सालीं गोव्याची वाट बंद केल्यापासून १९६१ च्या डिसेंबरपर्यंत त्याला एकदांच घरीं जातां आलें. सिडनी व लंडन त्याचीं अनेकदां झालीं. मुंबईहून गांवीं जाण्यास परवाना लागे व तो मिळतां मिळत नसे. दोन सफरींच्या मधले दिवस तो धोबीतलावावरील आपल्या गांवच्या 'कुडीं'त काढी. कूड म्हणजे एकेका गांवानें आपल्या माणसांसाठीं मुंबईंत चालविलेलें वसतिगृह; महिन्याची वर्गणी थोडी, सायंकाळची प्रार्थना सर्वांनीं मिळून, आणि प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे भिंतीशीं ठेवलेली एक पेटी. अशा कांहीं कुडी मुंबईंत अजून आहेत. आजचे गोव्याचे व कोंकणचे तरुण मात्र विमानानें परदेशच्या बंदरांत जाऊन बोटीवर चढतात, व सहा-आठ महिन्यांचा करार संपला म्हणजे विमानानेंच परत येतात.

१९६६ सालीं शिक्षण संपवून आम्ही परत आलों, तेव्हां पत्ता काढीत त्या कुडींत गेलों. वरच्या मजल्यावर एका लांब दालनांत पेट्यांची रांग होती, व देव्हाऱ्यापुढें मेणबत्ती जळत होती. तेथील वृद्ध व्यवस्थापकांनीं एक पेटी दाखविली. तिचा धनी दोन महिन्यांपूर्वीं ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर गेला होता. त्याच्यासाठीं विलायतेहून आणलेला चहाचा डबा आम्हीं त्या पेटीवर ठेवला, व्यवस्थापकांनीं त्याची नोंद वहींत घेतली, आणि आम्ही जिना उतरून गिरगांवची ट्राम गेली त्याच्या जागीं आलेली बस धरली.